टोपीकर यवनाची टोपी

मी टोपी बोलतेय. हो, टोपीच. आज मला पाहाल तर ओळखणार नाही, पण ते का, ते ओघाने येईलच. आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घ्या. पस्तीस वर्षं पोटात दाबून ठेवलंय आणि आता अगदी गळ्याशी आलंय.

एका अख्ख्या जमातीला माझ्यावरून नाव पडलं. माझ्यावरून! माणसांना आईबाप असतात, गाव असतं, देव असतात. पारसीक सरकारला त्यातलं काही म्हणता काही दिसलं नाही. दिसलं काय, तर मी. बरं, मी मागितलं होतं का हे? मी आपली ऊन अडवायला जन्माला आले होते.

माझा जन्म मकेदोनियाच्या डोंगरातला. लानिके नावाच्या बाईने सात मेंढ्यांची लोकर पिंजली, कढत पाणी ओतलं आणि दोन दिवस मला पायांखाली तुडवून तुडवून माझा नमदा केला. मग तो गुडघ्यावर ताणून मला आकार दिला. मधे डोक्यापुरता फुगवटा आणि भोवती हातभर रुंद काठ. ऊन, पाऊस, बर्फ, काही आत यायचं नाही. तिने मला तिच्या मुलाच्या डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली, "मखातास, ही हरवलीस तर घरी येऊ नकोस." बिचारीला काय ठाऊक, टोपी राहील आणि घरच हरवेल.

कारण त्याच वर्षी आमच्या राजाने पारसीकांच्या राजाला माती आणि पाणी दिलं, म्हणजे मान तुकवली. सोबत बारा घोडे पाठवले आणि घोड्यांसोबत मोतद्दार म्हणून मखातासला. घोडे पोचवून परत यायचं ठरलं होतं. पार्साला, त्यांच्या राजधानीला, पोचल्यावर कोण परत पाठवतंय? अकरा घोडे इकडेतिकडे वाटले गेले. उरली एक पांढरी घोडी. तिला तो गोरी म्हणायचा. वाटेत एकदा तिने लाथ झाडली होती, तिची खूण त्याच्या डाव्या भुवईवर होती, भुवईचे सरळ दोन तुकडे. तरी जीव तिच्यावरच. देशाकडचं तेवढंच काय ते त्याच्याजवळ उरलं होतं. ती आणि मी. मला तो जमेत धरत नव्हता ही गोष्ट वेगळी.

पार्सात आल्या दिवशी आम्हाला हुंबानसमोर उभं केलं. हुंबान म्हणजे तिथला लेखनिक, जातीचा एलामी, लिहायला ओल्या मातीची पाटी हातात घेऊन बसलेला, सदा जांभया देणारा. शेजारी बगदात, कामगारांवरचा पारसीक अधिकारी. माणूस दुष्ट नव्हता हो. पण एकदा तोंडातून शब्द गेला की तो दगडावर कोरला गेला असं समजायचा.

"कोण रे तू?" हुंबानने विचारलं.

"मखातास. लानिकेचा मुलगा. मकेदोन."

"मका काय?"

दुभाष्या मधे पडला. "सरकार, बोलतो तसं यवनांसारखं ग्रीकच. थोडं चावून चावून."

"मग यवन," हुंबान म्हणाला. "कुठला यवन? समुद्राकाठचा, समुद्रातला, का समुद्रापलीकडचा?"

"आमच्याकडे समुद्र नाही. डोंगर आहेत."

"समुद्र नाही?" हुंबानने माती खाली ठेवली. "सरकार, ह्याला टाकू कुठे? यवनांच्या तीनच राशी आहेत."

तेव्हा बगदातने मान वर करून मला पाहिलं आणि पोट धरधरून हसला. "अरे, हा बघ, डोक्यावर ढाल घेऊन फिरतोय! लिही, टोपीकर यवन."

झालं! लानिके गेली, डोंगर गेले, मकेदोन गेला. मी राहिले. मागून आमच्याकडचे आणखी चाळीसेक जण आले, तेही सगळे टोपीकर. पारसीकांची रीतच ती. उत्तरेकडच्या शकांनासुद्धा ते टोकदार टोपीचे शक म्हणतात. माणूस बघताना त्यांची नजर डोक्यावरून खाली उतरतच नाही.

तुम्ही म्हणाल, पारसीक परके, त्यांना काय कळणार? तर मग आपल्यांचं ऐका. कामगारांच्या वस्तीत आयोनियाचे पाथरवट होते, समुद्राकाठचे. त्यांना केवढा राग! "यवन हे नाव आमचं. हा कुठला यवन? हा मेंढ्यांमागचा माणूस." त्यांच्यातही पुन्हा तेओस गावचा एफेसस गावच्याला पाण्यात पाहायचा आणि एफेससचा तेओसच्या घरात मुलगी द्यायचा नाही. आणि हेच शहाणे पारसीकांना काय म्हणायचे? मीड! आता पारसीक वेगळे, मीड वेगळे, हे पार्सातली शेंबडी पोरंसुद्धा सांगतील. पण ह्यांना सगळे दाढीवाले सारखेच. ऐकून ऐकून माझ्या काठाला मुरड पडली. सगळे एकाच माळेचे मणी, आणि वर म्हणे दुसऱ्याला अक्कल नाही.

त्या पाथरवटांतला एक मात्र मखातासशी नीट बोलायचा. आर्तेमोन, तेओसचा. त्याची बायको अदा, कारियाची, विणकरणींच्या खात्यात मागावर. तिला आठवा महिना लागला होता. आर्तेमोनचं काम होतं राजाच्या कबरीच्या कड्यावर. राजा चांगला धडधाकट होता, पण कबर आधीच कोरून ठेवायची तिथली पद्धत. कड्यावर उंच, राजाचं सिंहासन, आणि ते उचलून धरणारी तीस माणसं, एकेका देशाचं एकेक. प्रत्येकाजवळ कोरायचं, हा अमुक, हा तमुक. चेहरे सगळे एकसारखे करायचे असा हुकूम होता. फरक फक्त कपड्यांत आणि डोक्यावर.

आता टोपीकर यवन कोरायचा तर समोर टोपी नको? आर्तेमोन महिनाभर मखातासच्या मागे लागला होता. "दोन दिवस दे रे तुझी टोपी. खाऊन टाकणार नाही तिला."

"जमणार नाही," मखातास म्हणायचा. "आईची आहे." ऐकून मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

मग एका सकाळी तबेल्यात बगदात घोड्यावर चढता चढता हुंबानला म्हणाला, "परवा टोपीकर यवन काढायचे. चाळीस डोकी. बाख्त्रीला कालव्यांच्या कामावर. परत आणायचे नाहीत, तिथेच वसवायचे." मखातास गोरीला खरारा करत होता. त्याचा हात थांबला. गोरीही गाभण होती, तिचे दिवस भरत आले होते. बाख्त्री म्हणजे चार महिन्यांची वाट.

दुपारी तो मला डोक्यावर घालून थेट कड्याशी गेला. आर्तेमोन परांचीवरून उतरला तसं ह्याने मला काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"घे. दोन दिवस काय, चार दिवस ठेव."

"अरे वा! सूर्य कुठे उगवला आज?"

"ऊन फार आहे तुमच्या कड्यावर," मखातास म्हणाला. माझ्याकडे मात्र पाहत नव्हता. "घालूनच काम कर. परवासुद्धा घाल."

ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर, असं तुम्ही सहज म्हणून जाता. मला विचारा, त्या वेळी टोपीला काय वाटतं ते! मी ओरडत होते, अरे आर्तेमोन, फेकून दे मला, दरीत टाक! पण टोपीला तोंड कुठलं? एवढा रुंद काठ दिला लानिकेने, एक जीभ दिली असती तर?

आर्तेमोन मला घालून घरी गेला. अदा जेवायला बसली होती, जवाची भाकरी आणि अंजीर. तिने मला हातात घेऊन उलटंपालटं केलं.

"ही कुणाची?"

"मखातासची. आपण होऊन दिली बघ. म्हणतो, ऊन लागेल."

"बघा, आणि तुम्ही लोक त्याला मेंढरू म्हणता." तिने माझी हनुवटीखालची दोरी ओढून पाहिली. "ही तर तुटायला आलीय. अहो, दिलेली वस्तू परत करताना तशीच रिकामी देऊ नये. मी नवी दोरी विणून लावते." आणि निळ्या-तांबड्या धाग्यांची बोटभर पट्टी तिने विणायला घेतली. पोटामुळे तिला वाकता येत नव्हतं, म्हणून मांडीवर उशी ठेवून विणत होती. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मखातासच्या आधी मीच लाजले.

परवाचा दिवस उजाडला. उन्हं चढल्यावर कड्याच्या पायथ्याशी शिंग वाजलं आणि सगळ्यांना खाली बोलावलं. तबेल्यातली, खाणीतली, कड्यावरची, सगळी माणसं रांगेत. बगदात काठी घेऊन रांगेपुढून चालला. "टोपी? इकडे. टोपी? इकडे." काठी माझ्या काठाला लागली. "टोपी. इकडे."

"सरकार, मी टोपीकर नाही," आर्तेमोन म्हणाला. "मी तेओसचा, समुद्राकाठचा यवन. पाथरवट."

"मग डोक्यावर काय आहे?"

"उसनी आहे, सरकार. नमुन्याला घेतलीय." त्याने मला घाईघाईने काढलं. "हे बघा, काढली!"

"वा! आता सगळेच काढतील," बगदात म्हणाला. "मग मी चाळीस आणू कुठून?"

खरंच रांगेतल्या चार-पाच जणांनी आपापल्या टोप्या पाठीमागे लपवल्या होत्या. हुंबानने त्या एकेक ओढून पुन्हा डोक्यांवर बसवल्या. कुठली कुणाची, कोण बघतो?

आणि मखातास? तो होता समुद्राकाठच्या यवनांत, बोडक्या डोक्याने, मान खाली घालून. आर्तेमोनने त्याच्याकडे पाहिलं. "मखातास, सांग ना रे ह्यांना!" मखातास जमिनीवरच्या खड्यांकडे बघत राहिला. आर्तेमोनला काही उमजेना. मग उमजलं. त्याचा चेहरा एवढासा झाला आणि तो बगदातवर उसळला, "तुम्हा मीडांना माणसामाणसातला फरक कधी कळणारच नाही!"

अरे देवा! नको तिथे नको तो शब्द.

"मीड?" बगदातचे कान लाल झाले. "मी मीड दिसतो तुला? ह्या दाढीवरून, ह्या टोपीवरून मीड वाटतो मी? सात पिढ्यांचा पारसीक आहे! हुंबान, ह्याला पहिल्या ओळीत घाल."

मी कपाळाला हात लावला असता, पण मला ना हात ना कपाळ. हा त्याला ओळखत नाही, तो ह्याला ओळखत नाही, आणि दोघेही चिडलेत ते 'मला ओळखलं नाही' म्हणून!

कुणीतरी धावत जाऊन अदाला सांगितलं असावं. ती आली ती एक हात कमरेवर, एक पोटाखाली, धापा टाकत. मुठीत ती निळी-तांबडी पट्टी. पहारेकऱ्याने अडवलं तर म्हणाली, "हात लावून बघ." त्याने लावला नाही. ती सरळ बगदातपुढे जाऊन उभी राहिली.

"सरकार, माझ्या नवऱ्याला कुठे नेताय?"

"टोपीकर यवन आहे. बाख्त्रीला जातोय."

"टोपी त्याची नाही. तुमची टोपी त्याच्या डोक्यावर ठेवली तर तो सरकार होईल का?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. बगदातने काठी खाली टेकवली. पण शब्द एकदा गेलेला. "मग कुणाची आहे, ते सांग," तो म्हणाला. "ज्याची आहे तो जाईल. मला चाळीस पाहिजेत."

"ही काय, मखातास भावोजींची!" अदाने रांगेतून त्याला शोधून काढलं. तिच्या डोळ्यांत किंतु कसला तो नव्हता. ती त्याच्याजवळ गेली. "भावोजी, तुम्हीच सांगा. परवा तुम्ही मोठ्या मनाने ह्यांना टोपी दिलीत. ऊन लागू नये म्हणून स्वतः बोडके राहिलात. आमच्या गावचेसुद्धा कुणी एवढं करत नाहीत. हे बघा, मी दोरी विणलीय तुमच्या टोपीला. लावून आजच परत देणार होते." आणि तिने ती पट्टी त्याच्या तळहातावर ठेवली.

तिने शिव्या दिल्या असत्या तर तो तसाच उभा राहिला असता, खात्रीने सांगते. मी त्याला चांगली ओळखते, चिवट आहे. पण ती पट्टी हातात आली आणि त्याने पहिल्यांदा मान वर केली. भुवईचे ते दोन तुकडे थरथरायला लागले.

"वहिनी," तो म्हणाला, "मोठ्या मनाने नाही दिली."

"म्हणजे?"

"मला आधीच कळलं होतं. सकाळी तबेल्यात. म्हणून दिली."

अदा मागे सरली. मखातास चालत आर्तेमोनपर्यंत आला, त्याच्या हातातून मला घेतलं आणि डोक्यावर चढवलं. मी त्याला जशी बसते तशी कुणालाच बसत नाही. लानिकेने त्याच्याच डोक्याच्या मापाने मला ताणलं होतं, ते हुंबानलासुद्धा दिसलं असेल.

"टोपी माझी आहे, सरकार," तो म्हणाला. "मखातास, लानिकेचा मुलगा. मकेदोन."

"टोपीकर यवन," हुंबान पुटपुटला.

"तुला काय म्हणायचं ते म्हण." मग तो आर्तेमोनकडे वळला. "गोरीकडे बघशील? पहिलटकरीण आहे. मागचा पाय आधी आला तर ओढू द्यायचा नाही, मला... कुणातरी जाणत्याला बोलव."

"बघेन," आर्तेमोन एवढंच म्हणाला. अदा पुढे झाली. मला वाटलं, आता पट्टी हिसकावून घेणार. तिने ती त्याच्या हातातून घेतली, माझ्या काठाच्या दोन भोकांत ओवली आणि त्याच्या हनुवटीखाली जरा जास्तच आवळून गाठ मारली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि रागही होता. "जा," ती म्हणाली.

चार महिने चाललो. बाख्त्रीत कालवे खणले. तिथल्याच एका बाईशी त्याने लग्न केलं, मुलगी झाली, तिचं नाव वख्शा. सरकारदरबारी मात्र तो अखेरपर्यंत चाळीस टोपीकरांतला एक. सात-आठ वर्षांनी पार्साकडचा एक पाथरवट त्या वाटेने आला, त्याच्याकडून कळलं की अदाला मुलगी झाली, गोरीला शिंगरू झालं, आणि कड्यावरचं काम पुरं झालं. "तो तुमचा आर्तेमोन, लेकाचा, धाडसीच," पाथरवट म्हणाला. "चेहरे एकसारखे करायचा हुकूम, आणि ह्याने टोपीकर यवनाच्या डाव्या भुवईवर बारीक खाच मारून ठेवलीय. खालून कुणाला दिसत नाही म्हणून वाचला." मखातासने मला डोळ्यांवर ओढून घेतलं. ऊन नव्हतं तेव्हा.

ह्या वसंतात मखातास गेला. मला वाटलं, चला, सुटलो दोघे. कसलं काय! तेराव्या दिवशी इथला मुकादम दारात.

"टोपीकर चाळीस पाहिजेत, नव्या बंधाऱ्यावर. तुमचा एक मेला."

"मग एकोणचाळीस लिहा," वख्शा म्हणाली.

"असं कसं? हुकूम चाळीसचा आहे." त्याने खुंटीवरून मला काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि वख्शाच्या नवऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. हा बिचारा इथलाच, बाख्त्री, मडकी भाजणारा. मकेदोनिया कुठल्या दिशेला आहे तेसुद्धा त्याला ठाऊक नाही. "बसली की! झाला टोपीकर. उद्या येतो न्यायला."

पुन्हा तेच! पस्तीस वर्षांनी, इतक्या लांब येऊन, पुन्हा तेच! माझ्या अंगावरची उरलीसुरली लोकर उभी राहिली. ती दोघं माझ्याकडे बघत बसली. वख्शाने मला मांडीवर घेतलं, माझ्यात तोंड खुपसून बापाचा वास घेतला, आणि मग उठून मेंढ्या कातरायची कात्री आणली. तिचा हात काही केल्या चालेना. मी मनात म्हणत होते, काप गं पोरी, काप. मागच्या वेळी मला तोंड नव्हतं म्हणून एक माणूस जवळजवळ गेला होता. काप.

तिने आधी अदाची पट्टी सोडवून बाजूला ठेवली. मग कापलं.

दुसऱ्या दिवशी मुकादम आला. "टोपी कुठाय?"

"कसली टोपी?" वख्शा म्हणाली.

त्याने तिच्या नवऱ्याच्या बोडक्या डोक्याकडे पाहिलं, खुंटीकडे पाहिलं, पुन्हा डोक्याकडे पाहिलं. टोपीशिवाय माणसाला काय म्हणायचं ते त्याला सुचेना. शिव्या देत निघून गेला.

तर आता मी ही अशी. पाच तुकडे, वख्शाच्या घोडीच्या खोगिरात शिवलेले. निकामी माणसांना लोक खोगीरभरती म्हणून हिणवतात ना? म्हणू देत. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्याकडे बघून कुणाचं काही ठरवत नाही. पाठ ऊबदार आहे, घोडी शांत आहे. ती पट्टी वख्शाच्या लेकीच्या वेणीत आहे.

एकच मागणं आहे. पार्साकडे गेलात तर त्या कड्याखाली थांबा. वर सिंहासन उचलून धरणाऱ्यांत रुंद टोपीचा एक आहे. जवळ काय कोरलंय ते वाचू नका आणि टोपीकडे तर मुळीच बघू नका. डाव्या भुवईवर खाच आहे, खालून दिसणार नाही, पण आहे. त्याला नावाने हाक मारा. मखातास म्हणा. लानिकेचा मुलगा.